न भरलेला रकाना

मी एक जुना मोबाइल आहे. मित्रांनो, म्हातारं व्हायला माणसाला साठ-सत्तर वर्षं लागतात, आम्हाला पाच-सहा पुरतात. माझी बॅटरी फुगली आहे, वरचा कोपरा तडकला आहे आणि चार्जरची पिन तिरकी धरल्याशिवाय मी काही खात-पीत नाही. माझ्या पाठीवर एक चिकटपट्टी आहे, तिच्यावर शाईने अकरा लिहिलं आहे. तेच माझं नाव. एका खोक्यातून आम्ही वीस भावंडं आलो, त्यातला मी अकरावा.

कारखान्यातलं बालपण फारसं सांगण्यासारखं नाही. सरकता पट्टा, हातमोजे घातलेले हात आणि डोक्यावर पांढरा उजेड, एवढंच आठवतं. माझ्याबरोबर तयार झालेले पुष्कळ जण दुकानांच्या काचेमागे ऐटीत जाऊन बसले. आम्हा वीस जणांना मात्र एका इस्पितळाने मागवलं. तिथे गेल्यावर एका माणसाने माझ्यातले खेळ काढले, गाणी काढली, कॅमेरा बंद केला आणि एकच अ‍ॅप ठेवलं. मला बोटं नाहीत, नाहीतर मी त्याच्या नावाने ती नक्की मोडली असती.

ते अ‍ॅप मनाच्या एका आजारासाठी होतं. डॉक्टर त्याला सायकोसिस म्हणतात. बहुधा तरुण वयात तो सुरू होतो. काहींना असे आवाज ऐकू येतात, जे शेजारी बसलेल्यालाही येत नाहीत. काहींची पक्की खात्री होते, की लोक आपल्या मागावर आहेत. हे सोंग नसतं आणि हट्टही नसतो. ज्याला ऐकू येतं त्याला ते तुमच्या वर्गातल्या बाईंच्या आवाजाइतकं खरं ऐकू येतं. उपचार लवकर सुरू झाले, तर पुष्कळ जण सावरतात आणि पुन्हा कामाला लागतात. उपचारात गोळ्या असतात, आणि गोळ्यांच्या जोडीला एक माणूस असतं. ते दर आठवड्याला समोर बसतं, ऐकतं आणि बोलतं. आमच्या इस्पितळात हे काम ज्या करायच्या, त्यांना सगळे ताई म्हणत.

ताईंची आणि रुग्णाची भेट बुधवारी. पुढचा बुधवार उजाडेपर्यंत मध्ये सहा दिवस. त्या सहा दिवसांत काय काय झालं ते माणसाला धड आठवत नाही, म्हणून मी. सकाळी दहाला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सातला मी थरथरायचो आणि चार प्रश्न विचारायचो. आवाज किती आहेत? भीती किती वाटते? झोप कशी लागली? आज किती जणांशी बोललात? उत्तरं शून्य ते दहा अशा आकड्यांत द्यायची. प्रत्येक उत्तराला एक रकाना होता आणि सगळे रकाने जोडून ताईंच्या संगणकावर एक रेघ उमटायची. रेघ खाली आली की हिरवी, वर चढली की लाल.

माझा पहिला रुग्ण एक विद्यार्थी होता. मी त्याचं बोलणं चोरून ऐकतो असा त्याला संशय आला, आणि त्याने मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून वर दोन पुस्तकं ठेवली. चार दिवस मी अंधारात थरथरत होतो. शेवटी त्याने मला परत केलं. मला अपमान वाटला, पण ताईंनी त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. त्यांनी त्याच्या हातात वही दिली आणि मला कपाटात ठेवलं.

मग आली चष्मेवाली. हे नाव मी ठेवलेलं. तिला स्वतःला चष्मा नव्हता, पण ती चष्म्याची भिंगं घासून चौकटीत बसवण्याच्या कारखान्यात काम करत होती. वय बावीस. दोन महिन्यांपूर्वी कामावर असतानाच तिला एक आवाज ऐकू यायला लागला होता. पुरुषाचा, शांत आणि फार खोचक. तो तिची प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायचा आणि तिला नावं ठेवायचा. तिने जेवणं सोडलं, मग झोपणं सोडलं, आणि एके दिवशी तिला इस्पितळाच्या गाडीत घालून आणावं लागलं. ती बाबांना हाका मारत होती आणि बाबा तिला दाखल करायच्या कागदावर सही करत होते. ती सही बाबांच्या मनाला फार लागून राहिली होती. हे पुढे कामाला येईल म्हणून आत्ताच सांगतो.

इस्पितळातून घरी जाताना ताईंनी मला तिच्या हातात दिलं. तिने मला उलटसुलट करून पाहिलं. "हा बोलतो का?" तिने विचारलं. ताई म्हणाल्या, "नाही. हा फक्त विचारतो. बोलायचं आपण दोघींनी."

पहिले दोन महिने फार चांगले गेले, आणि ते माझ्यामुळे गेले असं मला तेव्हा वाटायचं. ती इमानदारीने आकडे भरायची. बुधवारी ताई विचारायच्या, की शुक्रवारी दुपारी आवाज आठवर गेले होते, तेव्हा काय चाललं होतं? मग ती आठवून सांगायची, की शेजारच्या घरी भिंतीला भोकं पाडत होते. यंत्राच्या घरघरीत आवाज वाढतो, ही गोष्ट दोघींनी अशी शोधून काढली. एकदा ताईंच्या सांगण्यावरून तिने माझ्यात स्वतःच्याच आवाजात एक वाक्य भरून ठेवलं. ते असं होतं: "हा नुसता आवाज आहे. तो बडबडतो, करू काही शकत नाही. पाय जमिनीवर टेक आणि खोलीतल्या पाच वस्तू मोज." आवाज वाढला की ती मला कानाला लावायची आणि स्वतःचंच ऐकायची. आमची गाडी रुळावर आली. ती अर्धा दिवस कामावरही जायला लागली.

आता बाबांबद्दल. आई एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. बाबा निवृत्त, त्यामुळे दिवसभर घरात तेच. पंपांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं फाटकावर बसून हजेरी भरली होती. सातशे कामगारांची हजेरी, आणि महिनाअखेरीला एकही रकाना रिकामा नाही. कोणी आला नसेल तर का नाही आला ते बाबांना बहुधा ठाऊक असायचं. ठाऊक नसलं तर ते चौकशी करायचे. चौकशी जमली नाही तर अंदाज करायचे, आणि अंदाज बहुतेक बरोबर निघायचा. रिकामा रकाना पाहिला की त्यांना खडा टोचल्यासारखं व्हायचं. निवृत्त झाल्यावर ते दारामागच्या दिनदर्शिकेवर दूधवाल्याचीसुद्धा हजेरी मांडायचे.

सुरुवात अगदी साधी झाली. चष्मेवाली अंघोळीला गेली होती आणि मी दहाला थरथरलो. बाबांनी दारावर टकटक करून विचारलं, काय भरू? आतून ती म्हणाली, सगळ्याला दोन टाका. माझा चार आकडी कुलूपक्रमांक तिनेच त्यांना सांगितला. बाबांनी दोन टाकले. चारही रकाने भरलेले पाहून त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्यांदा ती झोपली होती. उठवायचं कशाला, म्हणून त्यांनी दारातून डोकावून पाहिलं आणि अंदाजाने भरलं. मग हे अधूनमधून होऊ लागलं. तिचा अंगठा हलका होता, त्यांचा जाड आणि कोरडा, जोरात दाबणारा. मला फरक कळत होता, पण तो कळवायला माझ्यात रकाना नव्हता.

तिसऱ्या महिन्यात कारखान्यात घासकामाचं नवीन यंत्र आलं. दिवसभर घरघर. आवाज परत आला, आणि आता त्याने नवी गोष्ट काढली. ताई तुझं सगळं लिहून घेते, तो म्हणायला लागला, आणि हा फोन तुझ्याविरुद्ध साक्ष देणार आहे. चष्मेवालीने मला बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवून दिलं आणि हात लावायचं सोडलं. कामावर जाणं थांबलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

मित्रांनो, त्या वेळी माझे रकाने रिकामे राहिले असते, तर फार बरं झालं असतं. दोन दिवस काही आलं नाही की ताईंच्या संगणकावर खूण उमटायची आणि ताई फोन करायच्या. पण रकाने रिकामे राहिलेच नाहीत. दहा, दोन आणि सात, तिन्ही वेळा बाबा चष्मा नाकावर सरकवून माझ्यासमोर बसायचे. आधी दारातून तिच्याकडे पाहायचे. मग जे दिसलं त्यापेक्षा दोन-तीन आकडे कमी भरायचे. खरं लिहिलं तर तिला पुन्हा गाडीत घालून नेतील, ही एकच भीती त्यांच्या मनात होती. शेजाऱ्यांना ते सांगायचे, की ती रजेवर आहे. आईलाही त्यांनी तेच सांगितलं, आणि आई थकून आलेली असायची, तिने ते मान्य केलं.

इकडे माझं नाव झालं. इस्पितळाच्या बैठकीत सगळ्या फोनांचा आढावा घेतला, तेव्हा अकरा नंबरची शंभर टक्के उत्तरं आलेली, रेघ हिरवी आणि एकसारखी. सगळ्यांनी वा म्हटलं. हे ताईंनी पुढच्या भेटीत सांगितलं आणि खरं सांगायचं तर माझी छाती फुगली. त्या भेटीत चष्मेवाली फार कमी बोलली. ताईंकडे चाळीस रुग्ण होते आणि बाहेर बाकावर आणखी दोघे बसले होते. त्यांनी संगणकावरची रेघ पाहिली, छान चाललंय म्हणाल्या आणि ठरवलं, की आता दर आठवड्याला यायची गरज नाही, तीन आठवड्यांनी भेटू. डॉक्टरांनीही तीच रेघ पाहिली. पुढच्या भेटीनंतर गोळी निम्मी करायची, असं त्यांनी कागदावर लिहिलं.

चष्मेवालीला यातून एकच कळलं, की ताईंना आपण नकोसे झालो. आवाज तर तेच म्हणत होता. आणि छान चाललंय म्हणजे काय? आपण तर काहीच सांगितलं नाही. घरी आल्यावर तिने बऱ्याच दिवसांनी मला हातात घेतलं आणि मागचे रकाने उघडले. प्रत्येक दिवस भरलेला होता. आवाज हसला, असं तिने नंतर सांगितलं. आता तुझ्या जागी फोनच बोलतो, तो म्हणाला, तुझी कोणाला गरज उरली नाही. तिने मला टेबलावर पालथं ठेवलं आणि एकवीस दिवस याबद्दल कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी अकराला आम्ही ताईंच्या खोलीत गेलो. खोली लहान होती. दोन खुर्च्या, टेबलाच्या कडेला संगणक, पाण्याचा तांब्या आणि खिडकीबाहेर सायकली लावायची जागा. बाबा बाहेर बाकावर बसले. मी टेबलावर होतो.

ताईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि कौतुकाने म्हणाल्या, की बघ, पूर्ण तीन आठवडे आवाज दोनच्या वर गेलेले नाहीत.

ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे मी भरलेलं नाही. माझ्या जागी दुसरंच कोणीतरी बोलतंय."

मित्रांनो, हे वाक्य त्या इमारतीत नवीन नव्हतं. माझ्या तोंडून दुसरं कोणी बोलतं, माझ्या डोक्यात दुसरं कोणी विचार घालतं, असं तिथे पुष्कळ जण सांगतात. आजाराचं ते एक ठरलेलं लक्षण आहे आणि ताईंच्या पुस्तकात ते लिहिलेलं आहे. एका बाजूला शंभर टक्के भरलेले रकाने होते आणि दुसऱ्या बाजूला आवाज ऐकणारी एक मुलगी. ताईंचं पेन कागदावर टेकलं आणि त्यांनी अर्धी ओळ लिहिलीसुद्धा. ती ओळ पूर्ण झाली असती, तर चष्मेवालीने नंतर कोणालाच काही सांगितलं नसतं.

ताईंचा हात थांबला. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नीट, घाई न करता. तिची हनुवटी टोकदार झाली होती. सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात अडकलं होतं. नखं कुरतडून लाल झाली होती. हे सगळं त्या दिवशी एकाएकी झालेलं नव्हतं. ताईंनी संगणकाचा पडदा भिंतीकडे फिरवला आणि लिहिलेली अर्धी ओळ खोडली.

"परवा सोमवारी दुपारी दोनला तू कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

"खोलीत. भिंतीकडे तोंड करून पडले होते."

"आणि फोन?"

"बाहेर टेबलावर. मी त्याला हात लावत नाही."

ताईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मग ही उत्तरं तुझी नाहीत. तू म्हणतेस ते खरं आहे. कोणी भरली ते मला माहीत नाही, पण आपण दोघी मिळून शोधू."

चष्मेवाली रडायला लागली. मोठ्याने नाही, नुसतं पाणी येत राहिलं. ताईंनी तिला रडू दिलं. मग त्यांनी तिला विचारलं, की घरात फोनजवळ कोण असतं, आणि बाहेर बसलेल्या बाबांना आत बोलावलेलं चालेल का? ती हो म्हणाली.

बाबा आत आले आणि उभेच राहिले. ताईंनी विचारल्याबरोबर त्यांनी कबूल केलं. एकही आडवळण घेतलं नाही. "मीच भरत होतो, मॅडम," ते म्हणाले. "रकाना रिकामा दिसला, की माझा जीव राहत नाही. आणि खरं लिहिलं असतं, तर तुम्ही हिला परत आत ठेवलं असतं. मी एकदा सही केली आहे. दुसऱ्यांदा माझ्या हातून झाली नसती."

मला वाटलं, आता ती त्यांच्यावर ओरडणार. ती ओरडली नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"म्हणजे फोन नव्हता?" तिने विचारलं. "तुम्ही होतात?"

बाबांनी होकाराची मान हलवली.

"तो आवाज मला सांगत होता, की हे सगळं फोनच करतो म्हणून," ती ताईंना हळूच म्हणाली. "म्हणजे तो थापा मारतो."

इतक्या महिन्यांत ती त्या आवाजाबद्दल असं स्वतःहून पहिल्यांदाच बोलली होती. ताईंनी त्यावर भाषण दिलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, की आज खरोखर किती आहे? ती म्हणाली, नऊ. आणि मग ताईंनी जे केलं ते मी इस्पितळात आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिची माफी मागितली. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी रेघेकडे बघत बसले. तू समोर होतीस आणि मी तुझ्याकडे पाहिलं नाही."

गोळी निम्मी झाली नाही. त्या दिवशी दुपारीच डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं आणि तो कागद बदलला. तिला परत दाखल करावं लागेल का, याचा विचार झाला, पण ती आठवड्यातून दोनदा यायला तयार झाली आणि आईने पंधरा दिवसांची रजा घेतली, म्हणून ते टळलं. सगळं लगेच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. नवापासून चारावर यायला अडीच महिने लागले. त्यात तीन वाईट आठवडे होते. बाबांशी ती नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी तिने त्यांना माझा चार्जर कुठे आहे ते विचारलं, आणि बाबांनी तो इतक्या लगबगीने आणून दिला, की वाटेत खुर्चीला ठेच लागली.

कुलूपक्रमांक तिने बदलला. नवा कोणाला सांगितला नाही. ताईंनी आणि तिने मिळून नवे नियमही केले. तिला नको असेल, तेव्हा उत्तर द्यायचं नाही. उत्तर आलं नाही, तर ताई फोन करणार, रागवायला नाही, विचारायला. आणि भेटीत संगणक उघडायचा तो तिने सांगितल्यावर, आधी नाही. पहिल्यांदा तिने सातचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला, तेव्हा मी तिच्या हातातच होतो. बाबा समोर बसले होते. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली. पण जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला, की काल संध्याकाळी काय झालं? काही नाही, कंटाळा आला होता, असं ती म्हणाली. ताई हसल्या आणि म्हणाल्या, चालेल. बाबांनी ते पलीकडून ऐकलं. ते माणूस त्या दिवशी किती हलकं झालं म्हणून सांगू!

माझा मुक्काम तिच्याकडे एकूण आठ महिने होता. शेवटच्या बुधवारी तिने माझी काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि मला ताईंसमोर ठेवलं. आणखी काही महिने ठेव हवं तर, ताई म्हणाल्या. नको, ती म्हणाली, मी येऊन सांगत जाईन. ती पुन्हा कामाला लागली होती, सकाळपाळी, घासकामाऐवजी चौकटी जोडायच्या टेबलावर. आवाज अजून होता. कधी कधी दिवसभर नसायचा. ताईंनी मला बंद करण्यासाठी बटण दाबलं आणि तिला विचारलं, "मग आज किती?" तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मी विझलो. तो आकडा मला माहीत नाही. तो ताईंना माहीत आहे.

त्यानंतर मी आणखी तिघांकडे जाऊन आलो. आता मी ताईंच्या टेबलाच्या खणात असतो. नवी समुपदेशक मंडळी शिकायला आली, की ताई मला बाहेर काढतात, शेजारी ती शंभर टक्के हिरवी रेघ छापलेला कागद ठेवतात आणि झालेलं सगळं स्वतःच्या चुकीसकट सांगतात. पूर्वी मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी बरीच भावंडं असतील. ती तुम्हाला दिवसातून शंभरदा काही ना काही विचारतात आणि त्यांना पटापट उत्तरं मिळतात. त्यांना जपा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. तुमच्या ओळखीचं कोणी गप्प गप्प राहू लागलं, जेवेनासं झालं, भिंतीकडे तोंड करून पडू लागलं, तर त्याच्यावर हसू नका आणि त्याच्या वतीने बरं आहे असं दुसऱ्यांना सांगूही नका. मोठ्या माणसांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. मग त्याच्याजवळ बसून त्यालाच विचारा. उत्तर आलं, तर ते कितीही विचित्र वाटलं तरी पुरतं ऐका. उत्तर आलं नाही, तर घाईने स्वतःच काही भरू नका. थोडा वेळ बसा, आणि उद्या पुन्हा जा.